गुलमंडी

गुलमंडी हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतील मध्यवर्ती बाजारभाग आहे. पैठण दरवाजा, औरंगपुरा व सिटी चौक यांकडून येणारे रस्ते येथे मिळत असल्यामुळे जुने शहर पायी पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाला हे सोयीचे ठिकाण ठरते.

नाव

'गुल' हा फारसी शब्द फूल या अर्थाचा असून 'मंडी' म्हणजे बाजार. त्यामुळे 'गुलमंडी' याचा शब्दशः अर्थ फुलांचा बाजार असा होतो. आज हा परिसर मुख्यतः कापड व गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानांसाठी ओळखला जातो.

इतिहास

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे हे शहर वसवले. भूजल भूमिगत नहरींद्वारे शहरात आणण्याची 'नहर-ए-अंबरी' ही योजना त्याचीच होय. त्याचा मुलगा फतेहखान याने शहरास फतेहनगर असे नाव दिले. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५३ साली ते बदलून औरंगाबाद केले. शहराभोवतीचा तट मात्र पुष्कळ नंतरचा, म्हणजे १६८२ सालचा आहे.

प्रवाशांच्या नोंदी

फ्रेंच प्रवासी ज्याँ द थेव्हनो (१६३३–१६६७) हा १६६६ साली सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना या शहरात आला. शहर मोठे व व्यापारी असले तरी त्याला तट नाही, अशी त्याने नोंद केली आहे. तट बांधला जाण्यापूर्वीचे शहर कसे होते, हे समजण्यास ही नोंद महत्त्वाची ठरते. घडीव दगडाची उंच घरे, दारांपुढे रस्त्यांवर लावलेली झाडे आणि फळबागा यांचे वर्णन त्याने केले आहे. खोगीर चढवलेले मेंढे दहा वर्षांच्या मुलांना पाठीवर घेऊन हिंडतात, हेही त्याने टिपले आहे. त्याने वेरूळच्या लेण्यांचेही वर्णन लिहिले. परतीच्या वाटेवर इराणमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचा भारतवृत्तांत १६८४ साली प्रसिद्ध झाला.

पायी भ्रमंती

पैठण दरवाजातून टिळक पथाने आत शिरल्यास गुलमंडी लागते. येथील सुपारी हनुमान मंदिर ही या परिसराची खूण आहे. पुढे मछली खडक व सिटी चौकातून सराफ्यामार्गे शहागंजला जाता येते. शहागंजजवळच्या राजाबाजारात ग्रामदैवत मानला जाणारा संस्थान गणपती आहे. गणेशविसर्जनाची मुख्य मिरवणूक तेथून निघून गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे जाते. मुघलांवरील विजयाच्या स्मरणार्थ मलिक अंबराने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा वायव्येस आहे. पाणचक्की व बीबी का मकबरा ही स्थळे त्याच्याही पलीकडे आहेत.

या मार्गांवरील गल्ल्या अरुंद व गजबजलेल्या आहेत. दरवाजांची नावे जाणून घेतल्यास मात्र दिशा समजणे सोपे जाते. पैठण दरवाजा दक्षिणेकडील पैठणच्या वाटेवर, दिल्ली दरवाजा उत्तरेच्या वाटेवर, तर मकई दरवाजा पश्चिमेस म्हणजे मक्केच्या दिशेस आहे.

सद्यस्थिती

'बावन्न दरवाजांचे शहर' ही या नगराची जुनी ओळख आहे. तथापि तट बहुतांशी नाहीसा झाला असून थोडेच दरवाजे उरले आहेत. काहींच्या कमानींखालून आजही वाहने जातात व त्यामुळे जुन्या बांधकामास इजा पोहोचते. जुन्या नगराची सीमा कोठून कोठपर्यंत होती, हे प्रत्यक्ष पाहण्याचे मुख्य साधन आता हे उरलेले दरवाजेच आहेत. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. गुलमंडीसह अनेक जुन्या पेठांची नावे मात्र लोकव्यवहारात कायम आहेत.