लेखी संवादातील सूर आणि गांभीर्य

माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. समजा, तेथून एखाद्या वारकऱ्याच्या मुलाने पुण्यातील घरी मोबाइलवर एवढेच लिहिले : ‘वेळापूरला थांबलो आहोत. बाबांना बरे नाही.’ वाचणाऱ्याने काय समजावे? पायाला फोड आले आहेत, की गाडी काढून तातडीने निघायला हवे? हेच वाक्य दूरध्वनीवर ऐकले असते, तर आवाजावरूनच उलगडा झाला असता. लेखनात तो आवाज गळून पडतो.

ही अडचण नवी नाही. वेळापूरच्याच अर्धनारीनटेश्वर मंदिरात यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख आहेत. त्या काळातील अनेक दानलेखांचा आरंभ ‘स्वस्ति श्री’ने होई आणि शेवटी दान मोडणाऱ्यास शाप दिलेला असे. मंगल सूर आणि कडक इशारा, दोन्ही ठरलेल्या शब्दांतून पोचत.

मायना आणि तार

पुढे कागदावरील पत्रांनीही असेच संकेत घडवले. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, परक्यास ‘सा. न. वि. वि.’, मायना वाचताच नाते आणि सूर कळे. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लागे. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्रावर ‘श्री’ नसे. मजकूर वाचण्याआधीच मन सावध होई. तार आली की घरात धस्स होई. देशातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली आणि निकडीची ती खूणही गेली.

विरामचिन्हांचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा. मोडी लेखनात ती जवळजवळ नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी ती मराठीत रुजली.

पडद्यावरील खुणा

संगणकावरील संवादात गंमत आणि गंभीर मजकूर यांत गल्लत होते, हे पाहून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबर 1982 रोजी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला. आजच्या इमोजींची वाट तेथूनच सुरू होते. तरीही गैरसमज टळत नाहीत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात असे दिसले, की ई-मेलमधील आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेलच, असा लिहिणाऱ्यांना वाटणारा विश्वास प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो. स्वतःचे वाक्य आपण स्वतःच्या आवाजात ऐकत असतो. वाचणारा ते त्याच्या मनःस्थितीत ऐकतो.

हात जोडलेले चिन्ह मराठी माणूस नमस्कार, आभार, क्षमा, श्रद्धांजली आणि ‘आता हा वाद पुरे’ अशा सगळ्याच अर्थांनी वापरतो. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा रडका समजून शोकसंदेशाखाली टाकला गेला, तर मने दुखावतात. इंग्रजीत सगळी अक्षरे मोठी लिहिली की ओरडल्यासारखे वाटते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नाहीत. मात्र मराठीकडे स्वतःची साधने आहेत. ‘ये’, ‘ये ना’, ‘येशील ना?’, ‘यायलाच हवे’ यांत आग्रहाच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून अंतर कळते. ‘हं’, ‘बरं का’, ‘च’ या छोट्या शब्दांत आवाजाचा बराच अंश उरतो.

काय करावे?

निकडीची बातमी शक्यतो बोलून सांगावी. लिहावीच लागली, तर पहिल्याच वाक्यात गांभीर्य, मग ठिकाण आणि अपेक्षित कृती द्यावी : ‘काळजीचे कारण नाही. बाबांना किरकोळ ताप आहे, वेळापूरला विश्रांती घेत आहोत, येण्याची गरज नाही.’ समूहात उपरोध टाळावा. एखादे वाक्य बोचलेच, तर उत्तर देण्यापूर्वी ‘हे गमतीने म्हणालात का?’ असे विचारावे. वेळापूरहून निघालेल्या दोन ओळींनी पुण्यातील घराची झोप उडवायची की नाही, हे शेवटी एका जास्तीच्या वाक्यावर ठरते.