अंतर्मुखता आणि व्यवसायनिवड

अंतर्मुखता आणि व्यवसायनिवड हा व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र व व्यवसाय मार्गदर्शन या दोन क्षेत्रांना जोडणारा विषय आहे. एकांतात किंवा मोजक्या माणसांत रमणाऱ्या व्यक्तीला कोणत्या प्रकारचे काम मानवते, याचा विचार त्यात केला जातो.

संकल्पना

अंतर्मुख व बहिर्मुख या संज्ञा स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्टाफ युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथामुळे रूढ झाल्या. हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये या भेदाची जैविक उपपत्ती मांडली. तिच्यानुसार अंतर्मुखांच्या मेंदूची उत्तेजनपातळी मुळातच अधिक असल्याने त्यांना बाह्य उद्दीपन कमी पुरते. लाजाळूपणा याहून वेगळा आहे. त्याच्या मुळाशी इतरांच्या मताची भीती असते, एकांताची आवड नव्हे.

कामाचे स्वरूप

संशोधन, संगणक आज्ञावली लेखन, लेखापरीक्षण, भाषांतर, ग्रंथपालन, अभिलेखागारातील काम इत्यादी व्यवसाय अंतर्मुखांना अनुकूल मानले जातात. तथापि व्यवसायाच्या नावापेक्षा कामाचा दिनक्रम महत्त्वाचा ठरतो. ग्रंथपालाला दिवसभर वाचकांना सामोरे जावे लागू शकते, तर वकिलाचा बराच वेळ कागदपत्रांच्या अभ्यासात जातो. अखंड एकाग्रतेसाठी मिळणारा वेळ, बैठकांचे प्रमाण आणि बसण्याची व्यवस्था या बाबी म्हणून तपासाव्या लागतात.

संशोधन

बॅरिक व माउंट यांच्या १९९१ मधील अभ्यासात बहिर्मुखतेचा कामगिरीशी संबंध मुख्यतः विक्री व व्यवस्थापन या क्षेत्रांत आढळला; कर्तव्यदक्षतेचा संबंध मात्र सर्व व्यवसायगटांत दिसला. ॲडम ग्रँट यांच्या २०१३ मधील अभ्यासानुसार विक्रीत सर्वाधिक यश अतिबहिर्मुखांना नव्हे, तर दोन्ही टोकांच्या मधल्या व्यक्तींना मिळाले.

मर्यादा

अंतर्मुखता हे स्वभावाचे एक परिमाण आहे. बहुतेक व्यक्ती दोन टोकांच्या दरम्यान असतात. स्वभाव म्हणजे आवड किंवा क्षमताही नव्हे. जॉन हॉलंड यांचा १९५९ मधील सिद्धांत व्यवसायनिवडीसाठी आवडींचे सहा प्रकार मानतो. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली कल चाचणीही आवडीवर आधारित होती. त्यामुळे केवळ अबोल आहे म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला अध्यापन, वैद्यक किंवा वकिली यांपासून परावृत्त करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.