सोल्युशन्स आर्किटेक्ट
ग्राहकाची अडचण समजून घेऊन तिच्यासाठी संगणकप्रणालीचा संपूर्ण आराखडा मांडणारा तंत्रज्ञ. सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षा आणि खर्च यांचा मेळ तो घालतो. सल्लागार म्हणून काम करणारा आर्किटेक्ट बहुधा ठरावीक कामापुरता बाहेरून येतो.

अकोल्यातील एखादी डाळमिल घ्या. तुरीची गाडी वजनकाट्यावर उभी आहे आणि नेमके इंटरनेट गेले. तरीही पावती निघाली पाहिजे, नोंद काट्याजवळच्या संगणकात टिकली पाहिजे आणि इंटरनेट परत आल्यावर ती मुख्य हिशेबात एकदाच चढली पाहिजे. आराखड्याचा खरा कस इथे लागतो, आणि आराखडा करण्याआधी काट्यावरच्या माणसाजवळ दोन दिवस बसावेच लागते.

या पदावर थेट पदवीनंतर क्वचितच पोहोचता येते. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून (स्थापना १९६४) किंवा बडनेरा, अकोला, शेगाव येथील महाविद्यालयांतून निघालेले विद्यार्थी बहुतेक पुणे-बंगळूरला प्रोग्रामर, टेस्टर किंवा सिस्टिम सांभाळणारे म्हणून सुरुवात करतात. अनुभवाच्या जोडीला ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची याच पदाच्या नावाची परीक्षा अनेकजण देतात. तिच्या असोसिएट पातळीवर १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात. प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडते. ग्राहकाचे ऐकून घेण्याची सवय मात्र कामावरच लागते.