पाकिटातला कुत्रा

मार्च २०११. कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावात लायगो आणि व्हर्गो या प्रकल्पांचे शास्त्रज्ञ एका सभागृहात जमले होते. गेले सहा महिने त्यांनी एका सिग्नलसाठी जिवाचं रान केलं होतं. १६ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्या यंत्रांनी तो टिपला आणि काही मिनिटांतच जगभरातल्या सहकाऱ्यांना सूचना गेल्या. सिग्नल बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेनं आल्यासारखा दिसत होता. या समूहाच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘मोठा कुत्रा’, म्हणून त्याचं टोपणनाव पडलं ‘बिग डॉग’.

दोन मेलेले, अतिजड तारे एकमेकांत कोसळताना जशी गुरुत्वीय लहर उठेल, अगदी तसाच तो होता. निव्वळ गोंगाटातून असा योगायोग घडायचा तर सरासरी सात हजार वर्षं थांबावं लागेल, असं गणित सांगत होतं. आइनस्टाइनच्या भाकिताला शंभर वर्षं होत आली होती आणि ती लहर कुणी थेट पकडली नव्हती. शोधनिबंध लिहून तयार होता.

पण त्या सभागृहातल्या प्रत्येकाला आणखी एक गोष्ट माहीत होती. प्रकल्पातल्या मोजक्या लोकांना यंत्राचे आरसे गुपचूप हलवून खोटा सिग्नल टाकायची मुभा होती. कधी टाकायचा, कसा टाकायचा, टाकायचा की नाही, हे फक्त त्यांनाच ठाऊक. बाकीच्यांनी सगळं खरं मानूनच काम करायचं आणि शेवटी ‘पाकीट उघडायचं’.

पाकीट उघडलं. बिग डॉग खोटा निघाला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आधी राग आला. हजारभर हुशार माणसांचे सहा महिने एका नाटकावर? पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडून बाकीची सिस्टिम तग धरते का, हे पाहणं आमच्या धंद्यात शहाणपणाचं समजतात. म्हणून मग प्रश्न पडला, की यांना याची गरज का वाटली? त्याचं उत्तर चाळीस वर्षं मागे जातं, मेरीलंड विद्यापीठातल्या एका माणसाकडे.

अ‍ॅल्युमिनियमचा ओंडका

जोसेफ वेबर अमेरिकी नौदलातून आलेला, इलेक्ट्रॉनिक्समधला जाणकार माणूस. गुरुत्वीय लहरी फक्त कागदावर आहेत की खरंच असतात, यावर भौतिकशास्त्रज्ञांचा खल चालू होता, तेव्हा यानं सरळ यंत्र बांधायला घेतलं. दीडेक मीटर लांबीचा, टनाहून जड, अ‍ॅल्युमिनियमचा भरीव दंडगोल तारेनं टांगायचा. गुरुत्वीय लहर त्यातून गेली तर तो घंटेसारखा अगदी सूक्ष्म थरथरेल आणि त्यावर चिकटवलेले स्फटिक त्या थरथरीची वीज करतील.

ओंडका मात्र कशानंही थरथरतो. रस्त्यावरच्या ट्रकनं, भूकंपानं, स्वतःच्या उष्णतेनंसुद्धा. म्हणून वेबरनं एक ओंडका मेरीलंडला आणि दुसरा सुमारे हजार किलोमीटरवर, शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत ठेवला. मेरीलंडचा ट्रक शिकागोला जाणवत नाही. दोन्हीकडे एकाच क्षणी ठोका पडला तरच तो मोजायचा. योगायोगानं किती ठोके जुळतील हे काढायला त्यानं आणखी एक युक्ती वापरली. एका यंत्राची नोंद वेळेत थोडी पुढेमागे सरकवायची आणि मग जुळणी करायची. आता जे जुळेल ते नक्कीच खोटं, त्यामुळे खोट्या जुळण्यांचं प्रमाण कळतं. दोन्ही कल्पना इतक्या चांगल्या होत्या, की हे क्षेत्र आजही त्यांवरच उभं आहे.

१९६९ मध्ये वेबरनं जाहीर केलं की लहरी सापडल्या. मोठी खळबळ उडाली. ब्रिटन, जर्मनी, रशिया आणि अमेरिकेतल्या अनेक गटांनी आपापले ओंडके बांधले. कुणालाच काही मिळेना. शिवाय वेबर म्हणतो तेवढ्या लहरी खरंच येत असतील, तर आपली आकाशगंगा अशक्य वेगानं आपलं वस्तुमान उधळत असली पाहिजे, असं गणित निघत होतं.

मग आली ती चूक, जी वाचून कुठलाही प्रोग्रॅमर कपाळाला हात लावेल. वेबरनं सांगितलं, की रॉचेस्टरच्या डेव्हिड डग्लस यांच्या यंत्रातल्या नोंदींशीही आपले ठोके जुळतात. नंतर लक्षात आलं की एका टेपवरची वेळ पूर्व अमेरिकेच्या घड्याळाची आणि दुसरीवरची ग्रीनिचची होती. म्हणजे जुळवलेल्या नोंदींत प्रत्यक्षात चार तासांचं अंतर होतं. टाइमझोनचा बग!

चूक टाइमझोनची होती, एवढ्यावर हे संपत नाही. चार तासांचं अंतर असलेल्या, एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दोन नोंदींतही वेबरला जुळणी सापडली, हे जास्त गंभीर होतं. आयबीएममधल्या रिचर्ड गार्विन आणि जेम्स लेव्हिन यांनी दाखवून दिलं, की किती मोठ्या ठोक्याला ठोका म्हणायचं ही मर्यादा आकडे बघत बघत बदलत गेलात, तर नुसत्या गोंगाटातूनही असा ‘शोध’ लावता येतो. १९७४ मध्ये एमआयटीतल्या परिषदेत गार्विन आणि वेबर यांचं सर्वांसमोर जोरदार वाजलं.

वेबर लबाड नव्हता. त्याला लहरी हव्या होत्या आणि त्याची पद्धत त्याला अडवू शकेल इतकी कडक नव्हती. सन २००० मध्ये वारेपर्यंत तो आपल्या दाव्यावर ठाम राहिला.

गोंगाटाची यादी आणि पुण्यातला प्रश्न

त्याच काळात एमआयटीत रेनर वाइस विद्यार्थ्यांना सापेक्षतावाद शिकवत होते. वेबरचा प्रयोग त्यांना वर्गात धड समजावून सांगता येईना, म्हणून लहर मोजायचा सर्वांत सोपा मार्ग कोणता, असा विचार त्यांनी सुरू केला. एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन लांब हातांतून लेझरचा किरण सोडायचा, तो टोकाच्या आरशांवरून परत आला की दोन्ही हातांच्या लांबीतला फरक मोजायचा. १९७२ साली त्यांनी एमआयटीच्या अंतर्गत अहवालात हे मांडलं. त्या अहवालाचा मोठा भाग म्हणजे यंत्राला काय काय फसवू शकतं याची यादी आहे: लेझरमधली चढउतार, जमिनीची कंपनं, आरशांची उष्णता, उरलेल्या हवेचे रेणू आणि प्रत्येकाचा हिशेब. यंत्र उभं राहायच्या कितीतरी आधी त्याच्यावरच्या संशयाचा आराखडा तयार झाला होता.

पुढचा प्रश्न माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. समजा यंत्र झालं. त्यातून रात्रंदिवस खरखर बाहेर पडतेय. तिच्यात सेकंदाच्या काही अंशापुरती आलेली लहर ओळखायची कशी? दादर स्टेशनच्या कोलाहलातही आपल्याला आईची हाक ऐकू येते, कारण ती हाक कशी असते हे आधीपासून डोक्यात असतं. तसंच इथंही. समीकरणांतून लहरीचा अपेक्षित आकार काढायचा, तो साचा खरखरीवर ठेवून सरकवत न्यायचा आणि कुठं बसतो ते बघायचं.

अडचण अशी, की कोसळणाऱ्या ताऱ्यांची वस्तुमानं आधी माहीत नसतात आणि वस्तुमान बदललं की आकार बदलतो. मग साचे किती घ्यायचे? कमी घेतले तर खरी लहर निसटते. जास्त घेतले तर कॉम्प्युटर पुरत नाही, शिवाय पुष्कळ साचे असले की एखादा साचा निव्वळ खरखरीवरही बऱ्यापैकी बसतो, म्हणजे पुन्हा वेबर. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये नेमका हा प्रश्न हाती घेतला: दोन साच्यांमध्ये किती अंतर ठेवावं आणि एकूण किती साचे लागतील? तेव्हा लायगोची यंत्रं उभीही राहिली नव्हती. जे यंत्र नाही त्यातून येणाऱ्या, कुणी न पाहिलेल्या सिग्नलसाठी गाळणी बनवणं हे बाहेरून निरुद्योगीपणाचं वाटलं असेल. आज साच्यांच्या अशा संचाशिवाय या क्षेत्रात पान हलत नाही.

स्वतःवर पाळत

२००० नंतर लायगोची यंत्रं चालू झाली, तेव्हा वेबरचं उदाहरण सगळ्यांच्या मनात ताजं होतं. म्हणून नियम केले गेले. ठोका कशाला म्हणायचं हे खरे आकडे उघडण्यापूर्वी ठरवायचं. नोंदी सरकवून खोट्या जुळण्या मोजायच्या, हजारो वेळा. आणि सर्वांवर कडी म्हणजे गुप्त खोटा सिग्नल.

या शेवटच्या नियमाचे दोन उपयोग होते. खरी लहर आली तर आपल्याला ती ओळखता येईल का, हे कळतं. आणि ‘हे खोटं असू शकतं’ ही शक्यता प्रत्येकाच्या डोक्यात सतत जागी राहते. बिग डॉगच्या वेळी माणसांनी सगळं चोख केलं. गमावला तो फक्त आनंद.

याच्या उलट काय होतं, तेही लवकरच दिसलं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटानं विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वीय लहरींचे ठसे सापडल्याचं पत्रकार परिषदेत जाहीर केलं. वर्षाच्या आत स्पष्ट झालं, की तो सिग्नल आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनंही तयार होऊ शकतो. माणसं कसलेली होती, मोजमाप उत्तम होतं. घाई मात्र झाली.

१४ सप्टेंबर २०१५

नवी, जास्त संवेदनशील यंत्रं लावून लायगो पुन्हा सुरू होत होती. अधिकृत निरीक्षणं सुरू व्हायला अजून काही दिवस होते. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी लुईझियानातल्या लिव्हिंगस्टनला आणि त्यानंतर ७ मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डला एक सिग्नल आला. ४ किलोमीटर लांबीच्या हातात पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा होता.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये मार्को ड्रागो या तरुण संशोधकानं तो प्रथम पाहिला. सिग्नल इतका स्वच्छ होता, की त्याला तो खोटाच वाटला. त्यानं शेजारच्या सहकाऱ्याला गाठलं, दोघांनी अमेरिकेतल्या कंट्रोल रूमला फोन लावला, मग सगळ्या गटाला ईमेल गेला. सगळ्यांचा सूर एकच: हा कुणी टाकलाय का?

कुणीच टाकला नव्हता. गुप्त सिग्नलची यंत्रणा तेव्हा चालूच नव्हती. तरी समाधान झालं नाही. कुणी हॅकिंग करून सिग्नल घुसवला असेल का, याचीही तपासणी झाली. यंत्रांच्या सेटिंगला हात लावायचा नाही असं ठरलं, म्हणजे त्याच अवस्थेतला पुरेसा गोंगाट गोळा होईल. सुमारे १६ दिवसांच्या नोंदी वेबरच्या युक्तीनं सरकवत त्यांतून ६ लाख वर्षांहून जास्त काळाएवढा गोंगाट तयार केला. त्यात एवढी जोरदार जुळणी एकदाही आली नाही. योगायोगाची शक्यता २ लाख ३ हजार वर्षांत एकदा, तीही फार तर. सुमारे अडीच लाख साच्यांच्या संचातूनही तो सिग्नल ठसठशीत बाहेर आला: सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, १३० कोटी प्रकाशवर्षांवर एक झालेली. त्यात सूर्याच्या तिप्पट वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं.

एवढी खात्री असूनही ते पाच महिने थांबले. जाहीर केलं ते ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. वेबरच्या हाताला जे लागलं नाही ते वेबरच्याच दोन युक्त्यांनी सिद्ध झालं: लांब अंतरावरची दोन यंत्रं आणि सरकवलेलं घड्याळ. फरक इतकाच, की या वेळी त्या युक्त्या स्वतःविरुद्ध पूर्ण ताकदीनं वापरल्या गेल्या.

वेबरच्याच मेरीलंड विद्यापीठातून पीएचडी केलेल्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये कागदावर दाखवलं होतं, की डिवचलेलं कृष्णविवर घंटेसारखं ठरावीक सुरात घुमून शांत होतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एका अतिशय ठळक सिग्नलमध्ये तो घुमणारा सूर इतका स्वच्छ मिळाला, की हॉकिंग यांच्या क्षेत्रफळाच्या नियमाची त्यावर कसून परीक्षा घेता आली. विश्वेश्वरा २०१७ मध्ये गेले. पहिली लहर त्यांच्या हयातीत सापडली.

औंढ्याचा साक्षीदार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचं तिसरं यंत्र उभं राहणार आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह त्याला केंद्राची मंजुरी मिळाली. २०१५ ची लहर आकाशातून कुठून आली हे दोन यंत्रांना धड सांगता आलं नव्हतं. पौर्णिमेचे तीन हजार चंद्र मावतील एवढा आकाशाचा पट्टा त्यांनी दाखवला होता. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचं यंत्र तो पट्टा खूप आक्रसेल, म्हणजे दुर्बिणींना नेमकं कुठं बघायचं ते कळेल. पण मला त्याचं दुसरं काम जास्त भावतं. तो आणखी एक स्वतंत्र साक्षीदार असेल. लुईझियानातल्या ट्रकशी त्याचा संबंध नाही, वॉशिंग्टनमधल्या वाऱ्याशी नाही.

आपल्याला आवडणारा आकडा स्क्रीनवर आला की ‘आता कशाला खोदत बसतोस’ असं म्हणणारा आवाज सगळीकडे असतो, माझ्या ऑफिसात आणि माझ्या डोक्यातही. नावडता आकडा आपण दहादा तपासतो, आवडता एकदा. वेबरचं तेच झालं. त्याच्यानंतरच्या लोकांनी स्वभाव सुधारायच्या भानगडीत न पडता नियम बदलले, म्हणून ते वाचले.

वाइस यांच्या यादीत आता औंढ्याची भर पडेल: काळ्या जमिनीची हालचाल, मराठवाड्यातला उन्हाळा, शेतातले ट्रॅक्टर. तिथल्या कंट्रोल रूममध्ये कधीतरी पहिला ठसठशीत सिग्नल येईल. खुर्चीवर बसलेली पोरं तेव्हा पेढ्यांच्या आधी एकमेकांना विचारतील अशी मला आशा आहे, “कुणी टाकलाय का रे हा?”