असल्यांका वकील कित्याक?

मोठा गुन्हा घडला की सिंधुदुर्गात हा सवाल हमखास येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हाचा संतापही याच जातीचा होता. शिकलेली मंडळी त्यावर कायद्याची झूल चढवतात: पहिल्या रिमांडलाच हक्क सांगितले की आरोपी सावध होतो, कबुली बुडते आणि खटला तांत्रिक मुद्द्यावर पडतो.

कसाबचाच खटला घ्या. कबुलीजबाब नोंदवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला बजावलं होतं की बोलायला तू बांधील नाहीस, आणि विचाराला वेळही दिला. तरी तो बोलला. पुढे त्याने ती कबुली नाकारली, पण सर्वोच्च न्यायालयात ती टिकली, कारण ती घेताना ही काळजी घेतलेली होती. नाहीतर बचावाच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं. २९ ऑगस्ट २०१२ च्या त्याच निकालाने सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा समोर येताच वकिलाचा हक्क, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क, न्यायदंडाधिकाऱ्याने त्याला समजावलाच पाहिजे. कुचराई केल्यास खातेनिहाय कारवाई. मात्र तेवढ्याने खटला रद्द होत नाही, आरोपीचं नुकसान झाल्याचं दिसावं लागतं, हेही तिथेच आहे. 'खटला पडतो' म्हणणारे हा भाग वाचत नाहीत.

वरळीच्या मोटार-अपघात प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ ला न्यायालय आणखी पुढे गेलं. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी, रिमांडच्या किमान दोन तास आधी. ती दिली नाहीत तर अटक बेकायदा. पण कारणं लेखी देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते. म्हणजे चोर सुटतो ही ओरडही अर्धीच.

'हे सगळं कागदोपत्रीच' हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल लागला. छळाची तक्रार आहे का, हे न्यायदंडाधिकाऱ्याने विचारण्याचं बंधन त्यातलं. आज 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?' असं विचारलं जातं तेव्हा हवालदार खेटून उभा असतो, आणि संध्याकाळी त्याच्याच कोठडीत परतायचं असतं. 'नाय सायबानू' याखेरीज कोण काय म्हणेल? ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी तर नुसती मान हलवून कागदावर अंगठा उमटवतो. म्हणून रिमांडआधीचे ते दोन तास विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाच्या हाती पडायला हवेत: दुभाषा घेऊन, पोलिसांच्या कानाआड, पुकारा होण्याआधी.