परसातले छोटे रान

घरामागच्या जागेत खाण्याजोगे छोटे जंगल उभे करायचे ही कल्पना परदेशातून आली, असे अनेकांना वाटते. त्यात थोडे तथ्य आहे. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट (1913–2000) यांनी पाव एकराहूनही लहान जागेत अशी बाग केली. उंच फळझाडे, त्यांखाली ठेंगणी झाडे, मग झुडपे, पालेभाज्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेल असे सात थर त्यांनी मांडले. पण हे मांडताना केरळातील घरांभोवतीच्या बागांचा दाखला त्यांनीच दिला. म्हणजे विद्या आपल्याच देशातली.

मात्र केरळ म्हणजे खान्देश नव्हे. जळगावला वर्षाकाठी पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याला त्याहून कमी. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा केरळची नक्कल इथे पहिल्याच उन्हाळ्यात करपेल. आपल्याला धडा घ्यायचा तो आपल्याच इतिहासातून.

पहिला धडा पांझरेच्या काठचा. धुळे जिल्ह्यात या नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धत काही शतके चालत आली. गावच्या बागायती जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पीक दरवर्षी पालटायचे. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाऊस कमी झाला, की सगळे फड अर्धवट भिजवायचे नाहीत. एखाददुसराच फड निवडायचा आणि तो पुरता भिजवायचा. त्यामुळे टंचाईतही कुणी अगदी कोरडा राहत नसे. यातले शहाणपण साधे आहे: लागवड किती करायची, हे पाणी पाहून ठरवावे. परसबागेलाही हाच नियम लावा. जुलैतल्या हिरवाईवर भाळून पन्नास रोपे लावू नका. मे महिन्यात घरातून किती बादल्या पाणी देता येईल, ते आधी मोजा.

दुसरा धडा साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचा. 1990 च्या दशकाच्या आरंभी या आदिवासी पाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते आणि पाण्यासाठी वणवण चालू होती. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी झाली, नियम मोडणाऱ्याला दंड बसू लागला, राखणीला गावातलीच माणसे उभी राहिली. उतारावर चर खणले, दगडी बांध घातले. सुमारे 1100 एकर जंगल पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी आले. 2004 पासून तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरू लागली. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्या स्पर्धेचे मोल बक्षिसात नाही. कोणता पाला कोवळा असतानाच खावा, कोणता कंद उकळून त्याचे पाणी फेकून द्यावे, हे ज्ञान पाड्यावरच्या बायांकडे आहे आणि ते कुठल्या रोपवाटिकेत विकत मिळत नाही. जंगल गेले की आधी भाजी जाते आणि पाठोपाठ तिचे नावही विसरले जाते. म्हणून करटुले, टाकळा, कुर्डू यांपैकी एखादी भाजी परसात जरूर ठेवावी. पण ओळख जाणत्या माणसाकडून पटवून घ्यावी. अंदाजाने कोणताही रानपाला खाऊ नये.

आता प्रत्यक्ष सुरुवात. वीस फूट लांब-रुंद जागा पुरते. आपल्याकडची काळी माती पावसात चिघळते, उन्हात भेगाळते. म्हणून शेणखत आणि पालापाचोळा मिसळून वाफे थोडे उंच करावेत. मृगाच्या पावसानंतर पश्चिमेच्या अंगाला शेवगा लावावा. दुपारचे कडक ऊन तो अडवतो, पण त्याची सावली विरळ असल्याने खालच्या झाडांना उजेडही मिळतो. त्याच्या आत एक लिंबू, एक सीताफळ; मग कढीपत्ता. न्हाणीचे पाणी जिथे निघते तिथे अळू आणि केळीचे एखादे खुंट. केळीला पाणी फार लागते, म्हणून ती तिथेच शोभते. साबणाचे दाट पाणी मात्र झाडांना देऊ नये. सावलीत हळद आणि आले, कुंपणावर गिलके, कारले, तोंडली. पहिल्या वर्षी पपई लावली तर मोठी झाडे वाढेपर्यंत हाती काहीतरी येते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे उघडी माती ठेवू नये. झडलेली पाने जाळू नका, बुंध्याभोवती चार बोटे जाडीने पसरा. फक्त खोडाला चिकटवू नका. ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते. जंगलात दुसरे काय घडते?

धाब्याच्या घरांमागचा परस गेला, प्लॉटवर प्लॉट पडले आणि उरल्या जागेवर आपण फरशी घातली. त्यातली चार-पाच फरश्यांची जागा मोकळी केली, तरी एक शेवगा आणि त्यावर चढणारा एक वेल सहज मावतो. येत्या मृगाला तेवढ्यापासून आरंभ करावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)