रक्तात सापडलेली खूण

१९१२ साली जपानचे डॉक्टर हाशिमोतो यांनी गळ्याला सूज आलेल्या चार रुग्णांची हकिकत छापली. चौघीही बायकाच! पुढं कित्येक वर्षं अशी सूज दिसली की कॅन्सरच्या भीतीनं ऑपरेशन व्हायचं. खरं कारण कळलं १९५६ साली, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात. डेबोरा डोनिआक या डॉक्टरबाई, सोबत रॉइट आणि कॅम्पबेल. रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, थायरॉइडच्या अर्कात मिसळलं की खाली साका धरायचा. शरीराचे राखणदार, म्हणजे अँटिबॉडी, आपल्याच ग्रंथीवर उठले होते. आज डॉक्टर ‘टीपीओ अँटिबॉडी’ तपासायला सांगतात, ती याच शोधातून आलेली. मात्र अँटिबॉडी निघाली म्हणून लगेच गोळी नाही; ते टीएसएच बघून डॉक्टर ठरवतात.